खिडकीवर काय म्हणायचं

पाटाचा दुसरा पूल ओलांडला आणि वन्सं कठड्याच्या दगडावर मटकन बसल्या. वहिनींना मनातून बरंच वाटलं. त्यांचेही पाय केव्हाचे बोलायला लागले होते. पण आपण आधी कसं बसायचं, म्हणून त्या पावलागणिक देवाचं नाव घेत ओढत आल्या होत्या. घरून निघून दीड तास झाला होता. आभाळ सकाळपासून मळकट, ना धड ऊन ना धड सावली. पाटाला पाणी नव्हतं. तळाचा चिखल वाळून त्याच्या पोपड्या निघाल्या होत्या आणि त्यात कुणाची तरी एक चप्पल रुतून बसली होती.

"वाटी कुरकुर करतेय," वन्सं गुडघा चोळत म्हणाल्या.

"तरी मी म्हणत होते, रिक्षा करू. तुमचा हट्ट."

"रिक्षानं जायचंच नव्हतं, वहिनी. ती बाई चालत यायची. दोन वेळा आली, दोन्ही वेळा चालत."

"कोण ती बाई, ते तरी सांगाल का? सकाळपासून आपलं ‘एकीला भेटायचंय, एकीला भेटायचंय’. मी आपली गाईसारखी मागे मागे."

वन्सं गुडघाच चोळत राहिल्या. एरवी गाईचं नाव काढल्याबरोबर त्यांनी लस काढली असती. लशीचं इंग्रजी नाव गाईवरून पडलंय, हे घरातल्या प्रत्येकानं त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं होतं. आज गाय समोरून गेली तरी त्या गप्प. यावरूनच वहिनींनी ओळखलं की काम साधं नाही.

वन्सं म्हणजे वहिनींच्या यजमानांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिल्या. वहिनी सून म्हणून आल्या तेव्हापासून पस्तीस वर्षं दोघींची एकच चूल, एकच देव्हारा आणि एकच कपाट, त्यातही वरचे दोन कप्पे वन्संचे. वहिनी शाळेत लहान वर्गांना शिकवायच्या. वन्सं मोठ्या दवाखान्यात तपासणीचे कागद द्यायच्या खिडकीवर होत्या. एकतीस वर्षं. गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. गावात त्यांना नाव नव्हतंच, सगळे ‘खिडकीताई’ म्हणायचे. बाजारात भाजीवालीसुद्धा हाक मारायची, "खिडकीताई, मेथी घ्या!"

ती खिडकी वहिनींनी पाहिली होती. काचेला खाली अर्धगोल भोक, तेही इतकं खाली की बोलायचं तर माणसाला वाकावंच लागायचं. वर पाटी: ‘अहवालाबद्दल फक्त डॉक्टरांनाच विचारावे.’ डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, आणि त्यांची वेळ मिळायची दोन-तीन दिवसांनी. मधले ते दोन-तीन दिवस माणूस लिफाफा छातीशी धरून बसायचा. आत इंग्रजी. मग तो खिडकीशी वाकायचा आणि विचारायचा, "बाई, काय लिहिलंय हो?"

वन्सं मराठी शाळेत शिकलेल्या. पहिलं वर्षभर त्या पोस्टमनसारखे लिफाफे वाटत राहिल्या. मग एकदा सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना तळहातावर शब्द उतरवून घेताना पकडलं. वन्संना वाटलं, गेली नोकरी. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी एक शब्दकोश आणून दिला. त्याला पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची पानं उंदरांनी खाल्ली होती. कोश एकदम ‘सी’पासून सुरू व्हायचा. "ए आणि बीचे शब्द माझ्याकडून तोंडी घ्या," डॉक्टर म्हणाले. "आणि घाबरू नका. हे शब्द दिसतात मोठे, पण गाठी मारून केलेले असतात. गाठ सोडा, आत साधीच वस्तू निघते."

ते वन्संना जन्मभर पुरलं. घरी आल्या की पदर खोचायच्या आधी शब्द. डोळ्यातल्या काळ्या टिकलीला तिकडचे लोक छोटी बाहुली म्हणायचे, कारण समोरच्याच्या डोळ्यात आपण एवढेसे दिसतो. आणि आपणही बाहुलीच म्हणतो की नाही? गुडघ्यावरच्या हाडाला त्यांनी छोटं ताट म्हटलं, आपण वाटी. दंड फुगवला की त्यांना कातड्याखाली उंदीर पळताना दिसला, आपल्या पोरांना बेडकी दिसली, म्हणून बेडकुळी. "भांडी, बाहुल्या, उंदीर, बेडूक," वन्संचा भाऊ म्हणायचा, "हे शरीर आहे का माळा?" पाठीच्या टोकाच्या हाडात त्यांना कोकिळेसारख्या कुठल्याशा पक्ष्याची चोच दिसली आणि आपल्याला माकड, यावरून तर त्या भावंडांत एकदा जेवण थंड होईपर्यंत वाद झाला. पाहुण्यांना भाऊ सांगायचा, "आमच्याकडे आधी शब्द फोडतात, मग कांदा."

वहिनी हसायच्या, पण त्यांना यातला एकच शब्द खरा लागला होता. रोगी माणसाला इंग्रजीत ‘पेशंट’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ सोसणारा, आणि आपल्या ‘रुग्ण’चा अर्थ मोडलेला. संध्याकाळी दिवा लावताना त्या कधी कधी म्हणायच्या, "देवा, जे मोडलेत त्यांना सोसायचं बळ दे." वन्संनी ऐकलं की म्हणायच्या, "बघा, वहिनींनी एका वाक्यात दोन्ही बसवले."

वन्संनी खिडकीवर एक नेम धरला होता. अहवाल सांगायचा नाही, शब्द सांगायचा. अहवाल सांगणं गुन्हा, शब्दाचा अर्थ सांगणं नाही. तो तर शाळेतही सांगतात. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "वन्सं, शब्द सांगितल्यावर अहवालात उरतं काय?" वन्सं म्हणाल्या होत्या, "फार उरतं." आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, त्या शेवटी सांगायच्या: "आता हे घेऊन वर जायचं. डॉक्टर काय सांगतात ते करायचं." हे झाल्याशिवाय पुढचा लिफाफा काढायच्या नाहीत.

सगळं त्यांनी एका वहीत उतरवलं होतं. वही म्हणजे दवाखान्याचे बाद झालेले छापील कागद, मागची कोरी बाजू वर करून दोऱ्यानं शिवलेले. एका शब्दाला एक पान. पानावर तीन मथळे: ‘मूळ काय’, ‘आपल्याकडे काय म्हणतात’ आणि ‘खिडकीवर काय म्हणायचं’. तिसरा मथळा त्यांचा स्वतःचा. ‘बायॉप्सी’च्या पानावर मूळ: जीव बघणे. खिडकीवर: ‘एवढासा तुकडा काढून बघतात. सगळ्यांचा काढतात. काढला म्हणजे वाईटच असं नाही.’

आता दवाखान्याच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या होत्या. त्यांच्या कानावर ही वही गेली. त्यांनी निरोप पाठवला: वही छापू, प्रत्येक खिडकीवर ठेवू, सोमवारी घेऊन या. घरात केवढा आनंद! भावानं तर शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं. फक्त वन्संचा चेहरा कुणी मेल्यासारखा. आज शनिवार होता. वही त्यांच्या पिशवीत होती, आणि त्या दगडावर बसून वाटी चोळत होत्या.

"एक पान राहिलंय," वन्सं म्हणाल्या. "ते पुरं केल्याशिवाय मी वही देणार नाही. आणि आज पुरं झालं नाही तर कधीच देणार नाही. या पाटात टाकून देईन."

"कुठलं पान?"

वन्संनी वही काढून उघडली. ‘इन सिटू.’ मूळ: आपल्या जागी. आपल्याकडे: जागच्या जागी. आणि तिसऱ्या मथळ्याखाली एक ओळ होती, ती इतक्या वेळा खोडली होती की कागद फाटून पलीकडचं छापील दिसत होतं.

मग वन्संनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी एक शिवणकाम करणारी बाई आली. शाळेचे गणवेश शिवायची, दोरे पदराला चिकटलेले. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिलेला, त्याचा कागद. तिनं कागद काचेला लावला आणि बोट ठेवलं. हे काय? वन्सं म्हणाल्या, या शब्दाच्या पोटात खेकडा आहे. आपण कर्करोग म्हणतो, त्यातला कर्क म्हणजेही खेकडाच. बाईचं तोंड उतरलं. आणि हा पुढचा? पुढचा म्हणजे जागच्या जागी, शेजारीपाजारी गेलेला नाही. बाईला काही उमजेना. मागे रांग. आणि वन्संना एकदम सुचलं.

"मी म्हटलं, बाई, खेकडा आहे, पण बिळातच आहे." वन्संनी वही मिटली. "मला इतकं आवडलं ते! एकतीस वर्षांत इतकं नेमकं काही सुचलं नव्हतं. ती हसली. म्हणाली, मग राहू दे की बिळात, उगाच कशाला हात घाला. मागची रांगसुद्धा हसली. मीही हसले. आणि पुढचा लिफाफा काढला."

"वर जा म्हणून..."

"नाही सांगितलं. त्या एकीलाच नाही सांगितलं. हसण्यात राहून गेलं."

पाटाच्या कडेनं एक सायकलवाला दुधाच्या रिकाम्या किटल्या वाजवत गेला.

"आठ महिन्यांपूर्वी ती परत आली. लेक बरोबर होती. कागदावर मेटास्टॅसिस. त्याचा अर्थ जागा बदलणं. तिनं विचारलंसुद्धा नाही. लिफाफा घेतला, वाकली आणि म्हणाली, ‘ताई, बाहेर आला वाटतं.’ रागानं नाही हो. पाऊस आला वाटतं म्हणतात ना, तसं."

वहिनींच्या तोंडात पुष्कळ वाक्यं आली. देवाची इच्छा, तुमचा हेतू काय वाईट होता, तिनं स्वतःहून डॉक्टरांकडे जायला नको का. पस्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी ती सगळी गिळली. "उठा," त्या म्हणाल्या. "बसून गुडघा आखडेल."

बाईचा पत्ता वन्संनी जुन्या नोंदवहीतून लिहून घेतला होता. पाट संपला तिथं रस्ता वळला, मग एक पिठाची गिरणी, तिच्या शेजारी बोळ, आणि बोळात चौथं दार. दारातून शिलाई मशीनची टकटक येत होती. त्या आवाजाशी येऊन वन्सं इतका वेळ उभ्या राहिल्या की वहिनींनाच कडी वाजवावी लागली.

आत एकच लांबट खोली. भिंतीलगत निळ्या कापडाची चळत, वर खडूच्या रेघा. वीस-बावीस वर्षांची मुलगी मशीनवर होती. कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई उशीला टेकून सदऱ्यांना बटणं लावत होती. तिचा डावा हात सुजलेला, त्यावर घट्ट बाही चढवलेली. तो हात तिनं मांडीवर एखाद्या परक्या वस्तूसारखा ठेवला होता आणि सगळं काम उजव्यानं आणि दातांनी चाललं होतं. म्हणजे जिवंत होती. वहिनींनी मनात हात जोडले.

"कोण हवंय?" मुलगी म्हणाली.

"मी दवाखान्यात असायचे. कागदांच्या खिडकीवर."

मुलीचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. तिनं वन्संकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का त्या खेकडावाल्या?"

"अगं, त्यांना बसायला दे आधी," खाटेवरची बाई म्हणाली. "भांडण काय, बसूनही करता येतं. ताई, बसा. चालत आलात? वेड्याच आहात."

मुलीनं कापड बाजूला सारून दोन स्टुलं ठेवली, जरा आवाज करूनच ठेवली. वन्सं बसल्या नाहीत. वाटेत त्यांनी काहीतरी बोलायचं ठरवलं असणार, पण ते आता सापडेना. "मी माफी मागायला आले," एवढंच निघालं.

"कशाची?" बाईनं दातानं दोरा तोडला. "खोटं कुठं बोललात? तेव्हा बिळातच होता तो."

"आई!"

"मग काय! त्यांना सांगू दे, मलाही सांगू दे." बाई वन्संकडे वळली. "ताई, दवाखान्यातून दोन पत्रं आली होती मला, या म्हणून. ही तेव्हा शाळेत होती, हिला माहीत नाही. मी ती मशीनच्या खणात टाकली. शाळा उघडायच्या होत्या, दोनशे गणवेश बाकी. ते एक, आणि भीती वाटत होती. तुमचं वाक्य मला फार सोयीचं पडलं. नवऱ्यानं विचारलं, सांगितलं, बिळात आहे. जावेनं विचारलं, बिळात आहे. सगळे हसायचे आणि गप्प बसायचे. एवढं छान वाक्य, त्यापुढं कोण काय बोलणार?"

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. चार शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं, असा चेहरा झाला होता.

"दोन पत्रं?" मुलगी म्हणाली. मग ती रागानं उठली आणि मशीनचा खण ओढून बघू लागली. खणात बॉबिनं होती, तुटक्या सुया होत्या. "आणि मला आठ महिने म्हणतेस, नशीब!"

"बस आता. शोधून काय करणार? पुडी बांधणार?"

"मी नाही बसणार. यांना सगळं कळू दे ना." ती वन्संसमोर येऊन उभी राहिली. "तुमचं वाक्य इथंच थांबलं नाही, कळलं? सगळ्या गल्लीला पाठ आहे. गिरणीवाल्या मावशींच्या छातीत गाठ निघाली. कागद येऊन दोन महिने झाले. त्या दिवशी खिडकीवर तुम्ही नव्हता, जो होता त्यानं वर जा म्हटलं, तर म्हणतात, कशाला, माझाही बिळातच असेल."

"मी आता रोज सांगते तिला, जा," बाई हळूच म्हणाली. "ती म्हणते, तुझं वेगळं."

वन्सं इतका वेळ उभ्या होत्या, त्या आता स्टुलावर बसल्या. वहिनींना वाटलं, यांना पाणी द्यावं. पण त्या पाणी प्यायला बसल्या नव्हत्या. त्यांनी वाकून चपलेचा पट्टा घट्ट केला आणि परत उठल्या.

"गिरणी उघडी आहे?"

गिरणीवाली पन्नाशीची, केसांवर, भुवयांवर पीठ. पट्टा फिरत होता, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. मुलीनं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. तिनं आधी हातातलं दळण पुरं केलं, डबा गिऱ्हाइकाला दिला, मग मोटार बंद केली. एकदम शांत झालं.

"खिडकीताई? त्या खेकडावाल्या?" ती हसली. पिठातून दात दिसले. "अहो, तुमचं नाव घेऊन आम्ही..."

"कागद कुठाय?"

"आहे हो. कुठं पळतोय." तिनं मोटारीवरच्या फळीतून, वंगणाच्या डब्याखालून लिफाफा काढला. त्यावर तेलाचा गोल उमटला होता.

वन्संनी कागद वाचला. वहिनी त्यांच्या खांद्यामागे होत्या. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण वन्संचं बोट ओळीवरून सरकत एका जागी थांबलं आणि तिथंच राहिलं, ते त्यांनी पाहिलं.

"अर्थ काय त्याचा?" गिरणीवाली म्हणाली. "तुम्ही शब्द फार छान फोडून सांगता म्हणे."

"अर्थ राहू दे. सोमवारी सकाळी आठला दवाखान्यात यायचं. मी दारात उभी असेन. वर डॉक्टरांकडे घेऊन जाईन, ते काय सांगतील ते करायचं."

"सोमवारी? सोमवारी तर सगळ्यात जास्त दळण..."

"गिरणी बंद ठेवा."

"म्हणजे... बिळात नाही का माझा?"

"बीळ नाहीये ते," वन्सं म्हणाल्या. "छाती आहे तुमची."

गिरणीवालीचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर आधी होतं तसंच राहिलं आणि मग खालून रिकामं झालं. तिनं हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. "मी एकटी नाही यायची," ती म्हणाली.

"मी येते, मावशी," मुलगी म्हणाली. तिनं वन्संकडे बघितलं नाही, पण आवाजातली धार कमी झाली होती, किंवा ती दमली असेल.

बाईच्या घरी परत येऊन दोघी चहा प्याल्या. प्यावाच लागला. मुलीनं तो पुढ्यात ठेवला आणि सरळ मशीनवर जाऊन बसली. निघताना बाई म्हणाली, "ताई, पुन्हा या. पण रिक्षानं या. तुमच्या पायांना बघून मलाच दम लागला." वन्संनी तिच्या सुजलेल्या हातावर हात ठेवला. बाईनं ठेवू दिला, मग उजव्या हातानं सुई शोधू लागली.

परतताना वहिनींनी रिक्षाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तरी त्या वेळी त्या रस्त्यावर रिक्षा मिळाली नसती. सकाळी जाताना त्या देवाचं नाव मोजत होत्या. आता मोजणं सुटलं होतं, नुसतं नाव तेवढं ओठांवर होतं, आणि मधेच ते गिरणीवालीचं नाव होऊन जायचं. वन्सं लंगडत होत्या. दोघींपैकी कोण कुणाला धरून चाललंय, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. पुलाशी आल्या तेव्हा उजेड पिवळा पडला होता. वन्सं सकाळच्याच दगडावर बसल्या.

"काय होतं हो त्या कागदावर?" वहिनींनी विचारलं.

"विचारू नका. मी तिला नाही सांगितलं, तुम्हाला कसं सांगू?" एरवी त्या वहिनींना ‘तू’ म्हणायच्या, पण एवढं दमल्यावर त्यांच्या तोंडी परक्यासारखं ‘तुम्ही’ यायचं. चपलेचा पट्टा सैल करत त्या म्हणाल्या, "उशीर झालाय. फार नाही. एवढंच."

मग त्यांनी पिशवीतून वही काढली, ते फाटकं पान उघडलं, त्यावर पेन ठेवलं आणि सगळंच वहिनींच्या मांडीवर सरकवलं.

"हे पान तू लिही, वहिनी."

"मी? वन्सं, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. मी लिहायला बसले की मला काहीतरी छान सुचणार. आत्ता येता येताच दोन सुचली." त्या हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता. "दोन्ही इतकी चांगली आहेत की मी तुला सांगतसुद्धा नाही. तू फळ्यावर लिहायचीस ना पोरांसाठी, अ अननसाचा, तसं लिही. आजार आहे, आज छोटा आहे, आज काढला तर बहुधा निघेल, ठेवला तर पसरेल, आत्ताच वर जा. खेकडा नको. बीळ नको."

"एवढंच ना?"

"नाही. दुसऱ्या कागदावर आजचं सगळं लिही. मी काय म्हटलं होतं, रांग कशी हसली, मी काय सांगायचं विसरले. तिची दोन पत्रं होती ते मात्र लिहिताना जपून. त्यानं माझं ओझं कमी होतंय असं दिसता कामा नये. नव्या मॅडमना म्हणावं, हा कागदही वहीला शिवा. खिडकीवर नवीन बसेल तिला वाचू दे."

वहिनींनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. शाळेची नोकरी सुटल्यापासून त्यांनी हिशोबापलीकडे काही लिहिलं नव्हतं. "लिहीन," त्या म्हणाल्या. "देव सुचवेल तसं लिहीन."

"देवालाही सांग, साधंच सुचव." वन्संनी दोन्ही हातांनी वाटी दाबून धरली आणि पाटातल्या त्या चपलेकडे बघत राहिल्या. "आणि लिहून झालं की सोमवारच्या आत मला वाचून दाखव. मी मधे बोलणार नाही. कुठं ऐकायला छान वाटलं तर फक्त बोट वर करीन. तेवढं खोडून टाक."